ऊन गेलं, की उजेडही गेला?

आमच्या अपार्टमेंटच्या दक्षिणेला पंचवीस वर्षांहून जास्त काळ एक बैठा बंगला होता. पुढे जांभूळ, मागे कपडे वाळत घालायची तार. मालकांची मुलं पुण्याला आणि परदेशात गेली, बंगला विकला गेला आणि एका सोमवारी सकाळी जेसीबी आला. त्याच आठवड्यात बिल्डरचा माणूस संत्रा बर्फीचा डबा घेऊन आमच्या मीटिंगला आला. खाली पार्किंग, वर चार मजले, एकूण उंची पंधरा मीटर, असं त्याने नकाशा उलगडून सांगितलं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला एकच विचारलं, "भाऊ, थंडीत माझ्या घरात ऊन किती वाजेपर्यंत राहील?"

"काकू, मार्जिन अगदी नियमाप्रमाणे आहे. तीन मीटर सोडलंय."

काकूंनी विचारलं ऊन, त्याने उत्तर दिलं मीटर. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडच्या कागदावर उन्हासाठी रकानाच नव्हता. बर्फी संपली, मीटिंग संपली, प्रश्न तसाच राहिला. शाळेतली त्रिकोणमिती जेवढी आठवत होती तेवढी घेऊन मी तो सोडवायला बसलो. नागपुरात धरमपेठ, लक्ष्मीनगर, प्रतापनगर, खामला, कुठेही जा, सुधार प्रन्यासच्या (शहराची नियोजन संस्था) जुन्या लेआउटमधल्या बंगल्यांच्या जागी स्कीम, म्हणजे फ्लॅटच्या इमारती, उभ्या राहताहेत. म्हणून हा हिशेब इथे मांडतो.

सुरुवात दोन शब्दांपासून. आपल्या भाषेत ऊन वेगळं आणि उजेड वेगळा. ऊन म्हणजे सूर्यापासून थेट खिडकीत शिरलेला किरण. तो फरशीवर चौकोन काढतो, पापड वाळवतो, म्हाताऱ्या गुडघ्यांना शेक देतो. उजेड म्हणजे सगळ्या आकाशाकडून येणारा प्रकाश. सूर्य कुठेही असला तरी तो येतो, सावलीतल्या खिडकीतूनही येतो. शेजारी इमारत उठली की दोन्ही कमी होतात, पण वेगवेगळ्या कारणांनी आणि वेगवेगळ्या प्रमाणात. ऊन ठरतं दिशेवर आणि महिन्यावर. उजेड ठरतो तुमच्या खिडकीतून आकाशाचा किती तुकडा दिसतो त्यावर. "अंधार झाला हो" अशी तक्रार येते तेव्हा नेमकं काय गेलं, हे आधी विचारावं लागतं.

नागपूरचा सूर्य

नागपूर साधारण २१.१५ उत्तर अक्षांशावर आहे. वर्षातला सर्वात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. त्या दिवशी सूर्य माथ्यावर येत नाही, दक्षिणेकडे कलतो आणि भर दुपारी क्षितिजापासून सुमारे ४५ अंश वर असतो. ४५ अंश म्हणजे सावली वस्तूच्या उंचीएवढीच. पंधरा मीटरच्या इमारतीची सावली उत्तरेकडे पंधरा मीटर. पडताळून पाहायचं असेल तर त्या दिवशी गच्चीत उभे राहा आणि स्वतःची सावली मोजा, ती तुमच्याएवढीच भरेल. फक्त घड्याळात बारा वाजता नाही, बारा वाजून बारा मिनिटांच्या सुमारास. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशावरची आहे आणि आपण तिच्या पश्चिमेला आहोत, म्हणून आपली खरी दुपार थोडी उशिरा होते.

या बाबतीत आपलं नशीब बरं आहे. दिल्लीत त्याच दुपारी सावली उंचीच्या सव्वापट पडते, लंडनमध्ये जवळजवळ पावणेचारपट. पण आपल्याकडेही सकाळी नऊला सूर्य २५ अंशांवरच असतो आणि सावली वायव्येकडे दुपटीहून लांब पसरलेली असते.

उन्हाळ्यात सगळं उलटतं. २६ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य नागपूरच्या बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या खांबाला सावलीच उरत नाही. शाळेतली मुलं तांब्या-पेला उन्हात ठेवून त्या दिवसाचे फोटो काढतात. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो. जूनमध्ये तो ईशान्येकडे उगवतो आणि वायव्येकडे मावळतो. उत्तरेच्या खिडकीत कधीच ऊन येत नाही असं मानणाऱ्यांनी जूनमध्ये सकाळी सातला ती खिडकी उघडून पाहावी.

आता आमची भिंत. आमचे तीन मीटर आणि त्यांचे तीन, मिळून दोन इमारतींत सहा मीटर अंतर. समोरची इमारत पंधरा मीटर. डिसेंबरच्या दुपारी सूर्यकिरण ४५ अंशांनी उतरतो, म्हणजे सहा मीटर आडवा येईपर्यंत तो सहा मीटर खालीही येतो. पंधरातून सहा गेले, उरले नऊ. आमच्या भिंतीवर नऊ मीटरच्या वर ऊन, खाली सावली. आमच्याकडेही खाली पार्किंग आहे आणि मजला साधारण तीन मीटरचा. त्यामुळे तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याला ऊन, पहिल्या आणि दुसऱ्याला नाही. बैठा बंगला होता तेव्हा त्याची सावली आमच्या भिंतीपर्यंत पोहोचतच नव्हती.

यातून नागपूरपुरतं एक सोपं गणित निघतं. डिसेंबरच्या दुपारसाठी, दक्षिणेची इमारत जितके मीटर मागे सरकेल तितके मीटर भिंत उन्हात येईल. तीन मीटर जास्त सोडले की एक मजला सुटतो. दिल्लीत हा हिशेब इतका सरळ बसत नाही.

काकूंचा खरा प्रश्न मात्र तारखांचा होता. त्यांच्या खिडकीचा मध्य जमिनीपासून साडेचार मीटरवर आहे. समोरच्या इमारतीचा माथा ओलांडून दुपारचं ऊन तिथे पोहोचायला सूर्य किमान ६० अंशांवर हवा. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत नागपुरात तो दुपारी तितका वर जातच नाही. दुसऱ्या मजल्यासाठी ५१ अंश पुरतात, म्हणून त्यांचं ऊन नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत जातं. सकाळ-दुपार इमारतींच्या फटीतून तिरपी तिरीप येईल ती वेगळी.

आणि इथे छज्जा आडवा येतो, हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असतो तो उन्हाळ्याचं ऊन आणि पावसाची झड अडवायला. पण सूर्य ६० अंशांवर असताना त्या छज्जाची सावली एक मीटरहून थोडी जास्त खाली उतरते, आणि आपली खिडकी असते चार फुटांची. म्हणजे समोरची इमारत ओलांडण्याइतका सूर्य वर आला की आपलाच छज्जा त्याला अडवतो. पहिल्या मजल्याच्या दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं ऊन मार्चमध्येही जेमतेम वीतभर येणार. सावली फक्त शेजाऱ्याची धरली तर उत्तर चुकतं.

एवढं सगळं दक्षिणेच्या शेजाऱ्याबद्दल. तीच पंधरा मीटरची इमारत पश्चिमेला आली असती तर आम्ही बिल्डरला उलट बर्फी दिली असती. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि दुपारी चारचं ऊन पश्चिमेच्या भिंतीत इतकं मुरतं की रात्री अकराला हात लावला तरी भिंत तापलेली असते. पश्चिमेकडे कोणी आडवं उभं राहिलं तर ती भिंत वाचते. पूर्वेची इमारत सकाळचं कोवळं ऊन घेते. तान्ह्या बाळाला उन्हात धरणाऱ्या घरांना ते जाणवतं, बाकीच्यांना फारसं नाही. उत्तरेची इमारत हिवाळ्यात ऊन अडवतच नाही, कारण त्या बाजूने ते येतच नाही. ती फक्त उजेड घेते. दक्षिणेची इमारत मात्र हिवाळ्यात हवं असलेलं ऊन अडवते आणि मे महिन्यात, सूर्य डोक्यावर असताना, काहीच सावली देत नाही. चारही दिशांचा नफा-तोटा वेगळा आहे. बांधकामाच्या नियमाला मात्र सगळ्या बाजू सारख्याच.

तो नियम असा. डिसेंबर २०२०पासून मुंबई आणि काही क्षेत्रं वगळता महाराष्ट्रभर एकच नियमावली लागू आहे, एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. उंच इमारतींसाठी बाजूच्या आणि मागच्या मोकळ्या जागेचं तिच्यातलं ढोबळ सूत्र म्हणजे इमारतीच्या उंचीचा पाचवा भाग. लहान प्लॉटना वेगळे तक्ते, वर सवलती आणि अपवाद भरपूर. दोन शेजारी सारख्याच उंचीचे असतील आणि दोघांनी पाचवा भाग सोडला असेल, तर मधलं अंतर उंचीच्या दोन पंचमांश होतं. म्हणजे इमारती पंधरा मीटरच्या असोत की चाळीसच्या, डिसेंबरच्या दुपारी उत्तरेच्या इमारतीचा वरचा ४० टक्के भाग उन्हात आणि खालचा ६० टक्के सावलीत. मेट्रोच्या दोन्ही बाजूंच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात प्लॉट आणि रस्ता पाहून जास्त एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने जास्त बांधकाम, मिळतो, तिथे खालच्या सावलीतले मजलेही त्याच प्रमाणात वाढतात.

उजेडाचा हिशेब

उजेडासाठी सूर्य विसरा, आकाश बघा. दिवसा आकाश हाच आपला दिवा. खोलीतल्या एखाद्या जागेवरून आकाश दिसत असेल तर तिथे उजेड थेट येतो; दिसत नसेल तर जो येतो तो कुठल्या तरी भिंतीवर आपटून आलेला, थकलेला.

आकाशाचे सगळे तुकडे मात्र सारख्या कामाचे नसतात. क्षितिजाजवळच्या आकाशाचा उजेड आडवा येतो आणि खोलीच्या पार मागच्या भिंतीपर्यंत जातो. डोक्यावरच्या आकाशाचा उजेड उभा उतरतो आणि खिडकीच्या पायथ्याशीच पडतो. समोरची इमारत आधी खालचं आकाश खाते, म्हणजे नेमका दूर जाणारा उजेड. काकूंच्या खोलीत टेबलाच्या उंचीवर, छज्जा न धरता हिशेब केला, तरी नव्या इमारतीनंतर आकाश दिसेल ते खिडकीपासून जेमतेम अडीच फुटांपर्यंत. त्यापलीकडची सगळी खोली परतलेल्या उजेडावर. चौथ्या मजल्यावरच्या तशाच खोलीत मागच्या कोपऱ्यातूनही आकाश दिसत राहील. एकच इमारत, एकच भिंत, तरी खालच्यांनी "अंधार झाला" म्हणावं आणि वरच्यांनी "उगाच कावून राहिले" म्हणावं, यात कोणी खोटं नाही.

हे घरी बघायला यंत्र लागत नाही. ओट्यावर पोळपाट ठेवता तिथे हनुवटी टेकवा आणि खिडकीकडे पाहा. रुपयाएवढं जरी आकाश दिसलं तरी बरं. आकाश दिसणं जिथे बंद होतं तिथे खडूने रेघ मारून ठेवा. समोरचा एकेक स्लॅब पडत जाईल तशी ती रेघ खिडकीकडे सरकेल. मी दोन स्लॅबपर्यंत मारल्या. मग घरच्यांनी फरशी पुसली.

किती उजेड पुरे, याचे भारतीय मानकांत आकडे आहेत. आपलं आकाश बहुतेक काळ निरभ्र असतं असं धरून बाहेरचा हिशेबी उजेड ८००० लक्स (उजेड मोजायचं एकक) मानला जातो. त्यापैकी स्वयंपाकघरात अडीच टक्के पोहोचावा, म्हणजे २०० लक्स. अभ्यासाच्या खोलीत १.९ टक्के, म्हणजे दीडशेच्या आसपास, बैठकीत ०.६२५ टक्के, म्हणजे ५० लक्स. सर्वात जास्त उजेड स्वयंपाकघराला हवा, हे मानकाने मान्य केलंय. आणि आपल्या स्कीममध्ये डक्टकडे किंवा सर्वात अरुंद मार्जिनकडे तोंड करून काय बसवलेलं असतं? स्वयंपाकघर. हॉलला रस्ता, बेडरूमला बाल्कनी, आणि जिथे सुरी चालते तिथे सकाळी दहाला ट्यूबलाइट. याला शेजारची इमारत जबाबदार नाही, आपलीच मांडणी जबाबदार आहे.

आपली मानकं आणि नियम खोलीला किती उजेड मिळावा, खिडकी केवढी असावी, मोकळी जागा किती सोडावी, हे सांगतात. शेजाऱ्याचं "आधी किती होतं आणि आता किती उरलं" हे विचारत नाहीत. ब्रिटनमध्ये वापरात असलेल्या एका मार्गदर्शिकेत हा प्रश्न आहे: खिडकीवर येणारा आकाशाचा उजेड ठरावीक पातळीखाली गेला आणि आधीच्या ८० टक्क्यांहूनही कमी झाला, तर तो फरक राहणाऱ्यांना जाणवेल असं धरतात. त्यांचे आकडे ढगाळ आकाशासाठी आहेत, ते नागपूरला जसेच्या तसे लागू नाहीत. पण आधी आणि नंतर अशी तुलना करण्याची पद्धत घेण्यासारखी आहे.

वीस वर्षं आणि एक खिडकी

मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, "वीस वर्षं झाली की उजेडाचा हक्क लागतो." हे अर्धं बरोबर आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२चा आहे, आणि गंमत म्हणजे तो सुरुवातीला ज्या मोजक्या प्रांतांना लागू झाला त्यांत मद्रास आणि कुर्गबरोबर आपला मध्य प्रांतही होता. मुंबई इलाख्याला तो १८९१मध्ये मिळाला. म्हणजे खिडकीतल्या उजेडाचा हा कायदा नागपूरने मुंबईआधी पाहिला.

त्याच्या कलम १५ प्रमाणे, एखाद्या इमारतीला तिच्या खिडकीतून वीस वर्षं शांतपणे, अखंड, हक्क म्हणून उजेड मिळत आला असेल तर तो हक्क पक्का होतो. शेजारची जमीन सरकारी असेल तर तीस वर्षं. पण पुढचे बारकावे कोणी वाचत नाही. ती वीस वर्षं दावा लावण्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. अडथळा आल्याचं कळूनही वर्षभर गप्प राहिलात तर तो खंड धरला जातो. हक्क मिळतो तो त्या खिडकीतून त्या सगळ्या काळात येत होता तेवढ्याच उजेडाचा. पाच वर्षांपूर्वी भिंत फोडून मोठी केलेली खिडकी त्यात बसत नाही. मोकळ्या जागेला असा हक्क मिळतच नाही, त्यामुळे अंगणातली तुळस, वाळवणाची गच्ची, बाग यांच्यासाठी हे कलम उपयोगाचं नाही. आणि नुकसानभरपाईसाठी थोडाफार उजेड कमी होणं पुरत नाही, राहण्याच्या सुखसोयीला खरोखर धक्का लागला असं दाखवावं लागतं.

कायद्यातला शब्द प्रकाश आहे, म्हणजे आपला उजेड. काकूंच्या गुडघ्यांचं ऊन त्यात कितपत मोडेल, हे वकिलाला विचारूनच ठरवावं. मंजूर नकाशा आणि शेजाऱ्याचा हक्क हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हेही लक्षात ठेवा: पहिला महापालिका किंवा प्रन्यास पाहतं, दुसरा दिवाणी न्यायालय. नकाशा माहितीच्या अधिकारात मागता येतो. तो मागायचा पाया खणत असताना. चौथा स्लॅब पडल्यावर त्याची फक्त फाइल होते.

कोर्टाआधी बोलण्यासारखंही बरंच असतं. आम्ही बिल्डरकडे दोन गोष्टी मागितल्या. पाण्याची टाकी आणि जिन्याची टोपी आमच्या बाजूच्या कडेला नको, दक्षिणेकडे सरकवा. उंचीचा तेवढाच भाग मागे गेला तरी सावलीची रेघ खाली येते. आणि आमच्याकडची भिंत पांढरी रंगवा. हल्ली गडद करड्या रंगाची फॅशन आहे. गडद करडी भिंत आलेल्या उजेडाचा पाव भागही परत देत नाही, पांढरी जवळपास तीन चतुर्थांश देते. आकाश गमावलेल्या खोलीसाठी समोरची भिंत हेच आकाश. टाकीबद्दल तो "बघतो" म्हणाला. रंगाला लगेच हो म्हणाला, कारण पांढरा स्वस्त पडतो.

आपल्या घरातही उजेड अडलेला असतो, त्याबद्दल नागपूरकराने थोडं लाजायला हवं. कूलर मार्चमध्ये खिडकीत चढतो आणि आळसाने पुढच्या मार्चपर्यंत तिथेच राहतो. अर्धी खिडकी पत्रा आणि वूडवुल. दिवाळीआधी तो काढला तर कोणत्याही बिल्डरने दिला नसता एवढा उजेड परत मिळतो. छत पांढरं ठेवणं आणि खिडकीलगतचं कपाट हलवणं हेही कामाला येतं.

बांधूच नका, असं मात्र मला म्हणवत नाही. शहराच्या आत घरं झाली नाहीत तर ती बेसा-बेलतरोडीच्याही पलीकडे शेतात होतील, आणि तिथे आधी पाणी, रस्ता, बस न्यावी लागेल. शिवाय आमचा हातही स्वच्छ नाही. जुन्या नागपुरातल्या महाल भागातले वाडे आपला उजेड आपल्याच चौकातून घेत, शेजाऱ्याकडे मागत नसत. आम्ही पंचवीस वर्षं घेतला तो बंगल्याच्या अंगणावरून आलेला, उसना. आणि आमच्या उत्तरेला एक लहान घर आहे. मी हा सगळा हिशेब कागदावर काढत होतो तेव्हा तिथल्या ताई कुंपणाशी आल्या, कागद बघितला आणि म्हणाल्या, "तुमची बिल्डिंग झाली तेव्हा आम्हाला तर कोणी बर्फीपण नाही दिली." मी त्यांच्या घराचाही आकडा काढला. डिसेंबरच्या दुपारी त्यांच्या एकाही खिडकीत ऊन पोहोचत नाही.

काकूंना तारखा सांगितल्या: ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पानं उलटली. "म्हणजे दिवाळीला नाही, संक्रांतीलाही नाही." मग चष्मा ठेवला आणि चौथ्या मजल्यावर गेल्या, त्यांच्या बाल्कनीत दुपारची एक खुर्ची मावेल का ते विचारायला.